कॉम्प्युटर दिसत नाही म्हणून एसएमबी १ चालू करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नसतील तर कंट्रोल पॅनेलमधून विंडोज फीचर्स उघडा, एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइली शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) ला टिक करा, रिस्टार्ट मारा, काम झालं, असा सल्ला एका वाचकाने गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात दिला होता. हेतू चांगलाच असणार त्यांचा, पण हाच मेसेज व्हॉट्सॲपवर पण फिरतोय आणि आता छापून आलाय म्हटल्यावर लोक मला कात्रण दाखवायला लागलेत, की बघा पेपरात पण आलंय, तुम्हीच करून देत नाही. मी इचलकरंजीत कॉम्प्युटर रिपेअरिंग आणि नेटवर्किंगची कामं करतो. इथे सूत व्यापारी, लूमवाले, टॅक्सची कामं करणारे, बऱ्याच जणांची ऑफिसं घरातच, खाली दिवाणजी बसणार आणि वर मालक, त्यामुळे 'कॉम्प्युटर दिसंना झालाय' हा फोन माझ्या चांगला ओळखीचा आहे. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं असेल तर शेवटून कापा.

तो सल्ला अगदीच खोटा असता तर बरं झालं असतं, कुणी ऐकला नसता. टिक केल्यावर कधीकधी खरंच दुसऱ्या पीसीचा आयकॉन दिसायला लागतो, आणि त्याला कारण आहे. जुन्या विंडोजमध्ये एक्स्प्लोररच्या 'नेटवर्क'मध्ये जी कॉम्प्युटरची यादी यायची ती कॉम्प्युटर ब्राउझर नावाची सर्व्हिस गोळा करायची आणि ती सर्व्हिस एसएमबी १ वर चालायची. मग मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला, ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांची कामं अडली, जगभर फाइली लॉक करून खंडणी मागितली गेली, आणि तो शिरत होता एसएमबी १ मधल्याच भोकातून, ज्याचं पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच काढलं होतं पण लोकांनी टाकलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, त्यानेही पसरायला तेच भोक वापरलं, आणि तेव्हा आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं, कंटेनर तसेच पडून. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून मायक्रोसॉफ्ट हे एसएमबी १ काढून टाकायच्या मागे लागलंय. ते भोक आज बुजवलेलं आहे हे मान्य, पण प्रोटोकॉल मुळातच म्हातारा, एन्क्रिप्शनचा पत्ता नाही, आणि बनवणारी कंपनीच वापरू नका म्हणून सांगतेय. एक आयकॉन दिसावा म्हणून हे परत चालू करायचं, तेही ज्या मशीनवर धंद्याचा सगळा टॅली डेटा आहे तिथे, हे मला तरी पटत नाही.

आणि मुळात आयकॉन न दिसणं हा रोगच नाही. 'दिसत नाही' म्हणताना लोक तीन वेगळ्या तक्रारी एकत्र कालवतात. कुणाच्या यादीत आयकॉन येत नाही, कुणाला नाव टाकून फोल्डर उघडत नाही, आणि कुणाचं उघडतंय पण पासवर्ड मागतंय आणि कुठलाही पासवर्ड टाकला तरी नाही म्हणतंय. यातली पहिली निव्वळ यादीची भानगड. हल्लीच्या विंडोजमध्ये ती यादी फंक्शन डिस्कव्हरी नावाच्या सर्व्हिसमधून येते, ज्या पीसीने दिसायला पाहिजे त्याच्यावर 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सर्व्हिस चालू करून ऑटोमॅटिक (डिलेड) वर ठेवायची आणि नेटवर्क 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करायचं, बहुतेक वेळा आयकॉन येतो. नाही आला तरी काही बिघडत नाही, डेस्कटॉपवर शॉर्टकट करून ठेवा. तिसरी तक्रार पासवर्ड आणि परमिशनची, तिच्यात नेटवर्कचा दोष नसतो. खरी डोकेदुखी आहे दुसरी, नावाची, म्हणून उरलेलं पत्र तिच्यावरच.

सगळ्यात आधी नाव बाजूला ठेवून नंबरने (म्हणजे आयपी ॲड्रेसने) बघायचं. ज्या पीसीवर डेटा आहे तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाका, आयपीव्ही४ च्या पुढे १९२.१६८.१.१० असं काहीतरी येईल. मग दुसऱ्या पीसीवर विंडोजचं बटण आणि आर दाबून \\१९२.१६८.१.१० टाका (आकडे अर्थातच इंग्रजीत). फोल्डर उघडले, किंवा निदान पासवर्डची खिडकी आली, तर वायर, वायफाय, राउटर, शेअरिंग सगळं धडधाकट आहे आणि फक्त नावाचा पत्ता लागत नाहीये. एवढं एका मिनिटात कळतं आणि याच्या आधी कुणीही फॉरमॅट मारा, नवीन राउटर घ्या, लॅन कार्ड गेलंय असं काहीही म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. एक मात्र सांगतो, फक्त पिंग (पलीकडचं मशीन ओ देतंय का ते बघायची कमांड) करून निकाल लावू नका. नेटवर्क पब्लिक असेल तर विंडोजचा फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाही, मशीन चालू असतं, केबल नीट असते, आणि रिपेअरिंगचं पोरगं सांगतं 'पिंग जात नाही, पोर्ट उडालाय'.

आता नाव शोधतं कोण. इंटरनेटवरच्या नावांसाठी डीएनएस, म्हणजे नावावरून नंबर सांगणारी यंत्रणा, आहे, ते सगळ्यांना ऐकून माहिती असतं, पण घरातल्या 'ऑफिस-पीसी'ची नोंद जगात कुठेच नसते. त्यामुळे पीसी आधी स्वतःची होस्ट्स फाइल (नावं आणि नंबर हाताने लिहून ठेवायची यादी) बघतो, राउटरला विचारून बघतो, आणि तिथेही नाही मिळालं की वाड्याच्या चौकात उभं राहून हाक मारल्यासारखं सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारतो की ऑफिस-पीसी कोण आहे रे, ज्याचं नाव असेल तो ओ देतो आणि आपला नंबर सांगतो. ही हाक मारायच्या पद्धती तीन आहेत, जुनी नेटबायॉस, व्हिस्टापासून आलेली एलएलएमएनआर, आणि ॲपलने बोनजूर म्हणून आणलेली एमडीएनएस, जिच्यात नावाच्या शेवटी डॉट लोकल लागतं. विंडोज १० आणि ११ ला ही तिसरी पण समजते, त्यामुळे नुसत्या नावाने नाही उघडलं तर \\ऑफिस-पीसी.लोकल असं एकदा टाकून बघाच (हे पण इंग्रजीतच), कित्येकदा तेवढ्यावर काम भागतं. आणि हाकेची मर्यादा अशी की ती एका राउटरच्या पलीकडे जात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक किस्सा सांगतो म्हणजे नाव सापडणं आणि बरोबर सापडणं यातला फरक कळेल. इथल्याच एका सूत व्यापाऱ्याच्या घरी, मार्चएंडची गडबड, खाली दिवाणजींच्या पीसीवर टॅलीचा डेटा आणि वर मालकांच्या पीसीवरून तोच डेटा उघडायचा, आणि वरून उघडेना. दिवाणजी म्हणाले, "परवापर्यंत चालत हुतं की, काल फायबरवाला आला, डबा बदलून गेला, तवापासनं ही बोंब." मालकांनी आधी ज्याला बोलावलं होतं त्याने डीएनएस फ्लश केला (म्हणजे पीसीने कॅशमध्ये लक्षात ठेवलेले नाव-नंबर पुसले), रिस्टार्ट केलं, अँटिव्हायरस काढला आणि शेवटी सांगून गेला की विंडोज करप्ट आहे. मी वरच्या पीसीवर नावाने पिंग टाकला. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' चार वेळा आलं, पण लोक ते टाइम्ड आउट वाचतात आणि त्याच्या वरची ओळ सोडून देतात. वरच्या ओळीत नावाच्या शेजारी कंसात नंबर छापून येतो, तिथे होतं १९२.१६८.१.१०. खाली जाऊन दिवाणजींच्या पीसीचा नंबर बघितला तर १९२.१६८.२९ पासून सुरू होणारा. म्हणजे नाव सापडत होतं, पण जुन्या घराचा पत्ता सांगत होतं. हा जुना पत्ता सांगतोय कोण, तर सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी असं आत आत गेलं की होस्ट्स नावाची बिनएक्स्टेंशनची फाइल असते, तिच्यात कधीतरी कुणीतरी टेक्निशियनने 'ऑफिस-पीसी'चा नंबर हाताने लिहून ठेवला होता. नवीन डब्याने, म्हणजे राउटरने, सगळ्यांना नवीन मालिकेतले नंबर दिले, आणि ही फाइल मात्र जुनंच धरून बसली. होस्ट्समध्ये नोंद असली की विंडोज पुढे कुणाला विचारतच नाही, आणि फ्लश कितीही वेळा केला तरी ती नोंद परत कॅशमध्ये येऊन बसते. ती एक ओळ खोडली आणि टॅलीत कंपनी दिसायला लागली. दिवाणजी माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढंच?" आणि मालकांनी पण बिलाच्या वेळी तेच विचारलं.

ही होस्ट्स फाइल म्हणजे इंटरनेटच्या बाल्यावस्थेतला अवशेष आहे. डीएनएस नव्हतं तेव्हा अमेरिकेतल्या अर्पानेटवरच्या सगळ्या कॉम्प्युटरची नावं आणि नंबर एकाच फाइलीत असायचे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचं ऑफिस ती सांभाळायचं आणि बाकीच्यांनी तिची कॉपी उतरवून घ्यायची. मशीन वाढले, यादी आवरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. तर जी पद्धत त्यांना तेव्हा पुरेना झाली तीच आपले लोक आज तीन पीसींच्या घरात जुगाड म्हणून वापरतात आणि विसरून जातात. वापरायला हरकत नाही, पण ज्याने नोंद केली त्याने पीसीवर चिठ्ठी चिकटवावी, आणि नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं, नाहीतर फाइल होस्ट्स डॉट टीएक्सटी म्हणून दुसरीकडेच सेव्ह होते आणि मग 'मी टाकलंय तरी चालत नाही' ही वेगळी तक्रार सुरू.

वर म्हटलं ना हाक राउटरच्या पलीकडे जात नाही, त्याचा त्रास सध्या घरोघरी आहे. फायबरवाला स्वतःचा वायफायवाला डबा बसवतो, वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून माणूस बाजारातून दुसरा राउटर आणतो आणि पहिल्याची केबल दुसऱ्याच्या निळ्या किंवा पिवळ्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची केबल लावायच्या जागी) खुपसतो. इंटरनेट झकास चालतं म्हणून कुणाला शंका येत नाही, पण आता घरात दोन वेगळी नेटवर्कं झालेली असतात, खाली १९२.१६८.१ आणि वर १९२.१६८.०, आणि वरची हाक खाली ऐकू जात नाही. दोन्ही पीसींवर आयपीकॉन्फिग करा, तिसरा आकडा वेगळा दिसला तर हेच समजा (सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आहे असं धरून चाललोय, घरात तोच असतो). उपाय फुकटचा आहे, दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, नसेल तर त्याला पहिल्याच्या मालिकेतला एक मोकळा नंबर द्या, त्याचं डीएचसीपी (मशीनना आपोआप नंबर वाटायची सोय) बंद करा आणि केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये (पीसी जोडायच्या पोर्टमध्ये) घाला. तसंच गेस्ट वायफायचं. पाहुण्यांसाठी केलेल्या गेस्ट नेटवर्कवरच घरातली निम्मी माणसं असतात, आणि त्या नेटवर्कचं कामच आहे घरातली बाकीची मशीनं लपवून ठेवायचं.

प्रिंटरची गोष्ट जरा वेगळी पण मूळ तेच. लाईट जाते, येते, राउटर आणि प्रिंटर दोघं एकदम चालू होतात, बऱ्याच स्वस्तातल्या राउटरना आधी कुणाला कुठला नंबर दिला होता ते आठवत नाही, ते नव्याने वाटायला बसतात, आणि काल प्रिंटरकडे असलेला नंबर आज पोराच्या मोबाईलकडे जातो. पीसी मात्र जुन्याच नंबरवर इनव्हॉइस पाठवतोय आणि प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय. यावर पक्का इलाज म्हणजे राउटरमध्ये जाऊन डीएचसीपी रिझर्व्हेशन करणं, प्रिंटरचा आणि डेटा असलेल्या पीसीचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) देऊन त्याला कायमचा एक नंबर बांधून टाकायचा. पीसी वायफायवर असेल आणि त्याच्यात 'रँडम हार्डवेअर ॲड्रेस' चालू असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर मॅक बदलू शकतो आणि रिझर्व्हेशन वाया जाईल.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे, जी मला आपल्या पेपरातून मांडायची होती. हे रिझर्व्हेशन करायला राउटरचा ॲडमिन पासवर्ड लागतो आणि तो ग्राहकाकडे नसतोच. कनेक्शन देणारा पोरगा येतो, वायफायचं नाव आणि पासवर्ड मोबाईलवर टाइप करून देतो आणि ॲडमिनचा पासवर्ड स्वतःचा टाकून निघून जातो. विचारलं तर सांगतात 'तुम्ही काहीतरी बदलाल, नेट बंद पडेल, मग आम्हालाच यावं लागतं'. त्यांची अडचण मी समजू शकतो, मी पण त्याच धंद्यात आहे, पण घर माझं, प्रिंटर माझा, महिन्याचं बिल माझं, आणि त्याला एक नंबर बांधून द्यायला कॉल सेंटरला फोन लावून तिकीट काढायचं आणि दोन दिवस थांबायचं, हा काय प्रकार? वर परत सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड ठेवला असेल तर सुरक्षेचा उजेडच. प्रत्येक कनेक्शनला वेगळा ॲडमिन पासवर्ड आणि तो बसवतानाच्या पावतीवर लिहून देणं, एवढं जरी कंपन्यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या फ्रँचायझींनी केलं तरी माझ्यासारख्यांचे निम्मे फेरे वाचतील (माझा धंदा थोडा कमी होईल, होऊ दे).

अजून दोन-तीन बारीक गोष्टी आहेत ज्या लोकांच्या लक्षात येत नाहीत. नेट फास्ट होतं म्हणून कुणीतरी पीसीमध्ये डीएनएस ८.८.८.८ (म्हणजे गूगलचा) करून ठेवतं. गूगलला तुमच्या घरातल्या प्रिंटरचं नाव कुठून माहिती असणार? ते नाव फक्त राउटरला माहीत असेल तर तेव्हापासून ते लागायचं बंद होतं. मोबाईलमध्ये प्रायव्हेट डीएनएस टाकलेला असला तरी हीच गत होऊ शकते, आणि पुण्या-बेंगलोरच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्या पोरांच्या लॅपटॉपवर ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खासगी वाट) चालू असला की बऱ्याचदा घरातला प्रिंटर गायब होतो, व्हीपीएन बंद केला की परत येतो, तिथे शोधत बसू नका. एनएसलुकअप टाकून घरातलं नाव सापडत नाही म्हणून घाबरू नका, ती कमांड फक्त डीएनएसला विचारते, होस्ट्स फाइल किंवा ती हाक मारायची भानगड तिच्या गावीच नाही.

नावं ठेवतानाही लोक हौस भागवून घेतात. नेटबायॉसला नाव पंधरा अक्षरांपर्यंतच चालतं, पुढचं तो कापून टाकतो. श्रीगणेश-यार्न-ऑफिस आणि श्रीगणेश-यार्न-अकाउंट्स अशी दोन पीसींची नावं इंग्रजीत लिहिली तर पहिली पंधरा अक्षरं श्रीगणेश-यार्न एवढ्यातच संपतात, म्हणजे जुन्या पद्धतीला दोघं एकच, आणि ओ देणार नक्की कोण हे देवच जाणे. असेम्बल केलेले तीन पीसी एकाच हार्डडिस्कवरून क्लोन करून दिले असतील तर नावं पण तीच असतात, ती आधी बदला. ऑफिस, वर, प्रिंटर अशी छोटी नावं ठेवा, देवाचं नाव पाहिजे तर वॉलपेपरला लावा.

एक नवीन दुखणं पण सांगून ठेवतो कारण त्याचं खापर परत नावावर फुटतंय. विंडोज ११ चं २०२४ मधलं २४एच२ अपडेट आल्यापासून प्रो आवृत्तीत बिनपासवर्डचं गेस्ट शेअरिंग आपोआप बंद होतं आणि एसएमबी सायनिंग (प्रत्येक निरोपावर सहीसारखी खूण) सक्तीचं झालंय, त्यामुळे राउटरला मागे लावलेली पेनड्राइव्ह किंवा जुना स्टोरेजचा डबा अचानक उघडेनासा होतो. इथे नंबर टाकून पण उघडत नाही, त्यावरूनच ओळखायचं. त्या डब्यावर युजर आणि पासवर्ड तयार करा, फर्मवेअर अपडेट असेल तर टाका. हे सायनिंग बंद करायचे व्हिडिओ पण भरपूर आहेत, त्यांच्याबद्दलही माझं मत एसएमबी १ सारखंच.

ज्या वाचकांनी ते पत्र वाचून टिक केलंय त्यांनी विंडोज फीचर्समध्ये परत जाऊन ती काढावी आणि रिस्टार्ट करावं. एखाद्याचा जुना झेरॉक्सवाला कॉपियर असेल आणि त्याचं स्कॅन थेट पीसीच्या फोल्डरमध्ये येत असेल तर ते टिक काढल्यावर बंद पडू शकतं, कारण त्यातल्या बऱ्याच मशीनना एसएमबी १ शिवाय दुसरं येतच नाही. तिथे स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हमध्ये घ्यायची सोय असते, ती वापरा, आणि तेही जमत नसेल तर निदान टॅलीचा डेटा असलेल्या पीसीवर ते स्कॅन घेऊ नका.

कळावे,
आपला एक वाचक, इचलकरंजी
(नाव छापू नये ही विनंती, फायबरवाले रोज भेटतात)